एकतीस नंबरचं पान

पिठाच्या गिरणीत नंबर लावून उभ्या राहिलेल्या माणसाला जगातली कुठलीच बातमी धड ऐकू येत नाही, आणि विशाखाला नेमकी तिथंच ती आली. पायाशी ज्वारीचा डबा, नाकाला ओढणी, कानात पट्ट्याची खडखड, आणि फोनवर महांतेश जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "मॅडम, एकतीस नंबर पश्चिमेत गेला! मछलीपट्टणम पश्चिमेत बसलं, मॅडम!" ती "काय? काय?" करत रस्त्यावर आली. लातूरचं सकाळचंच तापलेलं ऊन, रिक्षांचे भोंगे, आणि मागून गिरणीवाला हाका मारत होता की मॅडम, तुमचा नंबर आला, डबा सरकवा. महांतेश तिचा पीएच.डी.चा विद्यार्थी, उदगीरकडचा, एरवी तोंडातून शब्द फुटायची मारामार. आज मात्र थांबायलाच तयार नव्हता. "लई भारी झालं, मॅडम. आता आपला पेपर कुणी अडवू शकत न्हाई." भारी झालं, असं तीही म्हणाली. परत आत गेली, दळण घेतलं, गरम डबा कडेवर मारून निघाली. एकटीचं पीठ ते कितीसं, पण चौकात येईतो डबा जड वाटायला लागला. आनंदानं असं होत नाही, एवढं तिला बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात कळलेलं होतं.

आता हे पश्चिमेत जाणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण लातुरात ते कुणाला माहीत नाही आणि कुणाचं त्यावाचून अडलेलंही नाही. समुद्राच्या वाळूवर एक वेल पसरते, मर्यादवेल. भरतीचं पाणी जिथवर येऊन परत फिरतं त्याच्या जरा अलीकडं ती असते, म्हणून हे नाव. आपट्यासारखं दुभंगलेलं जाड पान, जांभळट गुलाबी फूल. तिचं बी पाण्यावर महिनोन्महिने तरंगतं, कुठल्या कुठं जाऊन लागतं, त्यामुळं वरवर पाहिलं तर सगळ्या किनाऱ्यांची वेल एकसारखी. पण पानाच्या आत जनुकांच्या अगदी बारीक खुणा तपासल्या तर पश्चिमेची वेल एका घराण्यातली आणि पूर्वेची दुसऱ्या, असं निघावं, हे विशाखाचं म्हणणं. मधे अख्खं दख्खन आडवं पडलेलं, बी काही घाट चढून येत नाही. पान आणा, त्याचं गाव ते स्वतःच सांगेल. प्रकल्पाच्या मुलाखतीला बसलेल्या एका साहेबांनी हसून विचारलं होतं, "बाई, तुमच्या लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, आणि तुम्हाला समुद्र कशाला हवा?" तिनं काहीतरी उत्तर दिलं होतं, आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं होतं. पुढं चौतीस ठिकाणं ठरली, निम्मी पश्चिमेची, निम्मी पूर्वेची. प्रत्येक ठिकाणाचं एक कागदी पाकीट, आत पानं, पानं सुकावीत म्हणून ओल शोषणारे पांढरे खडे, आणि वर चिठ्ठी. नंबर, ठिकाण, तारीख, भरतीच्या रेषेपासून अंतर, आणि शेवटी संकलक, म्हणजे पान तोडणारा माणूस. चौतीसपैकी वीस चिठ्ठ्यांवर त्या जागी एकच नाव होतं, पंढरी गजभारे. तिचे वडील. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली होती आणि पानांची तपासणी कुठं आत्ता संपत आली होती.

आंध्रच्या किनाऱ्यावरच्या मछलीपट्टणमची वेल पश्चिमेच्या घराण्यातली निघाली, तर ती कन्याकुमारीला वळसा घालून गेली म्हणायची, किंवा कधीकाळी एखाद्या जहाजानं नेली म्हणायची. काहीही म्हटलं तरी मोठी गोष्ट. महांतेशनं पेपरचं नावसुद्धा बदलून टाकलं होतं. विशाखानं घरी येऊन डबा ओट्यावर ठेवला, हात न धुताच संगणक उघडला आणि सगळा तक्ता मागवला. एकतीस नंबरची ओळ धरून ती पश्चिमेच्या एकेका ओळीशी ताडून बघत गेली. चौथ्या ओळीपाशी, मालवणपाशी, तिचं बोट थांबलं. सहाशे बारा खुणा होत्या. सहाशे बाराच्या सहाशे बारा सारख्या. बहिणी-बहिणींत एवढं साम्य नसतं, आई-लेकीत नसतं. बियातून उगवलेली वेल कुठंतरी, दहा ठिकाणी तरी, वेगळी निघतेच. तंतोतंत सारखी असते ती फक्त एकाच वेलीची दुसरी फांदी. मालवणची वेल मछलीपट्टणमला फांदीनिशी कशी जाईल? ती जाणार नाही. तिला हे एका मिनिटात कळलं होतं, पण एखादी गोष्ट कळणं आणि तिला आत घेणं यांत माणूस किती वेळ काढू शकतो! तिनं महांतेशला फोन लावला. नळ्यांची अदलाबदल झाली असेल, म्हणाली. "दोनदा केलंय, मॅडम. पाकिटातनं नवीन पान काढून केलंय. पाकीट बी बघितलं, बाबांचंच अक्षर हाय." अक्षर तिला न बघताही दिसलं. रजिस्टर लिहिणाऱ्याचं ताठ अक्षर, सातच्या आकड्याला मधून एक आडवी रेघ, कुणी सातचा एक वाचू नये म्हणून.

मालवणला ते दोघं बरोबर गेले होते. बाबांनी बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला. जन्म गोदावरीच्या काठावर गेला, तीस वर्षं विष्णुपुरीच्या धरणावर, आकडे मारलेल्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचण्याची नोकरी केली, पण असं पाणी नाही. ते वाळूत चप्पल हातात धरून बराच वेळ उभे राहिले आणि मग इकडंतिकडं बघायला लागले, काहीतरी शोधल्यासारखं. "काय हवंय, बाबा?" "पट्टी कुठं हाय गं? हिची पातळी कोण लिव्हतं?" ती इतकी हसली होती की वाळूत बसली. ते हसले नाहीत. एवढं पाणी वर-खाली होतंय आणि तासातासाला कुणी लिहून ठेवत नाही, हे त्यांना पटतच नव्हतं. निघताना त्यांनी वेलीचं हातभर कांडं तोडून ओल्या टॉवेलात गुंडाळलं. एस.टी.च्या तीन गाड्या बदलून ते नांदेडला आलं आणि विष्णुपुरीच्या घरी, अंगणात, अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रमात लागलं. समुद्राची वेल म्हणून बाबा दर रविवारी तिच्या पाण्यात मूठभर मीठ कालवायचे, आणि माय कपाळावर हात मारायची. "माज्या वरणात मीठ जास्त झालं म्हनून बोंब करतंय मानूस, आन् येलाला बघा." विशाखानं सांगितलं होतं की मीठ लागत नाही, उलट मातीची वाट लागेल. बाबा हो म्हणायचे आणि घालायचे. वेल चिवट, जगली. ड्रमातून उतरून भिंतीला लागली. त्या वेलीचा विचार तिनं आज दोन वर्षांत केला नव्हता, आणि आता खुर्चीत बसल्या बसल्या तिला दुसरं काही दिसेना. पीठ तसंच, डब्याचं झाकण उघडं, गार होत होतं.

पण बाबा असं करणं शक्य नव्हतं. शक्यच नव्हतं! घरात शिव्यांना बंदी होती, पण एक शिवी चालायची, आणि ती बाबांचीच होती: घरी बसून आकडा लिहिणारा. धरणावर साहेबराव म्हणून त्यांचा जोडीदार होता. पावसापाण्यात पट्टीपर्यंत उतरायचा कंटाळा आला की कालच्या आकड्यात दोन बोटं घालून-काढून घरूनच आकडा लिहायचा. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी साहेबांकडं तक्रार केली नाही, पण वर्षभर त्याच्या हातचा चहा घेतला नाही. एकदा सातवीत विशाखानं शाळेच्या वहीत आठवड्याचं तापमान मनानं भरलं होतं. बाबांनी वही पाहिली, काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी शाळेतल्या तापमापीपुढं तिला उभं केलं आणि म्हणाले, "वाच. जे हाय ते वाच. आपल्या लोकांना कुनी कधी खरं म्हनलं न्हाई. आपन लिव्हलेलं तरी खरं असावं." ते वाक्य तिला तेव्हा कळलं नव्हतं. पुढं कळलं, आणि मग आयुष्यभर तेच कळत राहिलं. अशा माणसाचं अक्षर असलेली चिठ्ठी खोटी? मग ते तिथं गेले नव्हते? नव्हते, तर होते कुठं?

रविवारी सकाळी ती नांदेडच्या गाडीत बसली. अहमदपूर येईतो तिनं डोळे मिटून घेतले, पण झोप कुठली. दोन वर्षांपूर्वीचा तो फेब्रुवारी एकेका दिवसानं परत यायला लागला. प्रकल्पाचा अहवाल मार्चअखेर द्यायचा होता, तेहेतीस पाकिटं आली होती, एक मछलीपट्टणम तेवढं राहिलं होतं, आणि ऐन वेळी जळकोटच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेची बाहेरची परीक्षक म्हणून तिचं नाव लागलं. प्राचार्यांकडं दोनदा जाऊन आली. नाही म्हणजे नाही. बाबा फोनवर म्हणाले, "मी जातो की. एकोनीस आनले, आता इसावं काय जड हाय व्हय?" आणि तिला हायसं वाटलं होतं. हेच तर सगळ्यांत वाईट होतं, हायसं वाटलं होतं. वय चौसष्ट, जिना चढताना मधे थांबायला लागले होते, ते तिनं पाहिलं होतं. पाहून, म्हाताऱ्या माणसाचं असं व्हायचंच, असं म्हणून पुढं गेली होती. जळकोटला मुलं कापलेल्या खोडांच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत होती आणि तिनं व्हरांड्यात येऊन फोन लावला होता. बाबा म्हणाले, पोचलो. समुद्रावर हाय. "कसा आहे समुद्र?" पलीकडं श्वासाचा आवाज येत होता, मोठा, तुटक, आणि तिला वाटलं, वारा. बऱ्याच वेळानं बाबा म्हणाले, "मोठा हाय. बाया मासे वाळू घालायल्यात." मागं स्टीलचं भांडं पडल्याचा आवाज झाला, कुणी बाई म्हणाली, आजोबा, पडून राहा. ते वाक्य तिनं ऐकलं होतं, अगदी स्वच्छ मराठीत ऐकलं होतं, आंध्रच्या किनाऱ्यावर! आणि तिनं विचारलं काय, तर "भरतीच्या रेषेपासून किती पावलं, बाबा?" "चाळीस." तिनं चाळीस लिहून घेतलं. ते चाळीस आजही तक्त्यात होतं.

गाडी लोह्याला थांबली, कुणी पेरू विकायला चढलं, उतरलं. तिला आणखी एक प्रवास आठवला, तो आठवू नये म्हणून ती खिडकीबाहेरच्या पाट्या वाचायला लागली तरी आठवलाच. सोलापूरहून येताना, औशाच्या स्टँडवर गाडी बराच वेळ खोळंबली होती. मांडीवर पाकिटांची पिशवी घेऊन बाबा म्हणाले होते, "विशे, एवढ्या जागची पानं कशाला लागत्यात गं तुला? येल तर समदीकडं एकच हाय. हितलं पान काय आन् तितलं काय." ती मोबाईलवर कुणालातरी उत्तर लिहीत होती. "नंतर सांगते, बाबा. लई मोठं आहे ते." बरं, म्हणाले. पिशवी सारखी केली. तिनं पुढं कधीच सांगितलं नाही. वर्गात चाळीस मुलांना सांगितलं, जी घड्याळाकडं बघत होती. हसणाऱ्या साहेबांना सांगितलं. पुण्याच्या चर्चासत्रात चित्रं दाखवून सांगितलं, टाळ्या पडल्या. आणि जो माणूस डहाणूपासून पुरीपर्यंत गाड्या बदलत, धर्मशाळेत झोपत, तिच्यासाठी पानं तोडत हिंडला, त्याला पान आपलं गाव सांगतं, एवढं एक वाक्य सांगायला तिला दोन वर्षांत सवड झाली नाही. तिला गाडीतच हुंदका आला. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली, काही विचारलं नाही.

सांगावंच कशाला, असंही एक मन म्हणत होतं, आणि ते मन काही थोडंथोडकं नव्हतं. मालवणच्या ओळीशी तंतोतंत जुळतंय हे तिच्याशिवाय अजून कुणी पाहिलं नव्हतं. मालवणचीच ओळ वगळली तर? चौतीसचे तेहेतीस करायचे, पाकीट ओलं झालं म्हणायचं. मग एकतीस नंबर झळकेल, महांतेशचं भलं होईल, पोरानं चार वर्षं घासली आहेत, आणि त्या मोठ्या गोष्टीखाली संकलक म्हणून बाबांचं नाव छापून येईल. नाहीतर एकतीस नंबर काढायचा, आणि काढण्याचं कारण लिहायचं. त्याला ठरलेला शब्द आहे, सगळे तोच लिहितात: संकलकाची चूक. दोन शब्द. जन्मभर पट्टीवर उतरून आकडा वाचलेल्या माणसाच्या नावापुढं ते दोन शब्द कायमचे बसणार, आणि बसवणारी कोण, तर शाळेतल्या तापमापीपुढं उभं राहून त्यांच्याकडूनच शिकलेली त्यांची लेक. विष्णुपुरीच्या फाट्यावर ती उतरली तेव्हा तिचं काहीच ठरलेलं नव्हतं.

माय, सरजाबाई, अंगणात शेंगा निवडत बसली होती. "कवा आलीस गं अचानक? जेवलीस का?" विशाखा उत्तर न देता ड्रमाकडं गेली. वेल होती. भिंतीवरून पलीकडं उतरलेली, पानं धुळीनं मळकी, काठावर मिठाचा पांढरा थर, म्हणजे माय अजून घालत होती. तिनं एक पान तोडलं. देठातून चीक आला, बोटाला लागला. पान हातात धरून ती नुसती उभी राहिली, आणि मागं शेंगांचं सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मायनं तिच्याकडं पाहिलं, पानाकडं पाहिलं, आणि पदरानं तोंड पुसलं.

"कळलं व्हय तुला," माय म्हणाली.

"ते गेले नव्हते ना, माय?"

"न्हाई गेला. टेशनापोतर गेल्ता. तितंच छातीत धरलं, घाम फुटला, पिशी घिऊन खालीच बसला. एका सरदारजीनं रिक्षात घालून आनला बिचाऱ्यानं. मंग सरकारी दवाखान्यात चार दीस होता."

"आणि मला फोन केला नाहीस?"

"म्या लावतच होते, तर हात धरला माजा. म्हनला, पोरगी परीक्षेला गेली, कळलं तर समदं टाकून यील, तिचं मार्चचं ऱ्हाऊन जाईल. डाक्टरनं सांगितलं, मोठ्या दवाखान्यात दाखवा, आतून फोटो काढा छातीचा. त्यो म्हनला, मार्च होऊ द्या." माय थांबली. "मार्च झाला की मंग."

मार्च झाला होता. तिनं अहवाल वेळेत दिला होता, आणि एप्रिलच्या पाच तारखेला सकाळी दात घासता घासता बाबा नळापाशी कोसळले होते. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून सात हप्ते.

"घरी आला त्या दिशी पहिलं काय केलं आसल? पानी बी घेतलं न्हाई. ड्रमापाशी बसला, एका हातानं छाती धरली आन् एका हातानं पानं तोडली. आठ पानं. पुसली, पाकिटात घातली, चिठ्ठी लिव्हली, आन् रडायलाच लागला, विशे. म्हनला, सरजे, जिंदगीत पहिल्या बारी घरी बसून आकडा लिव्हला म्या. मी म्हनलं, आवं, पान तर तेच हाय ना, येल तर तीच? म्हनला, हाव, येल तर तीच हाय. मला काय ठावं, बाई. त्याला बी काय ठावं."

विशाखाला एकदम राग आला, कुणाचा ते कळायच्या आत आला. "मग मला सांगायचं ना! नंतर तरी सांगायचं! चार दिवस रोज फोन करत होते मी!"

"करत हुतीस," माय म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच फार होतं. "रोज करत हुतीस. पानं सुकली का, इचारायचीस. खडे बदलले का, इचारायचीस. चारी दीस पानंच इचारलीस, माय माजी."

विशाखा भिंतीला टेकून तिथंच खाली बसली आणि लहान पोरासारखी रडली. माय जवळ आली नाही, शेंगाही निवडल्या नाहीत. बाजूला बसून राहिली. चाळीस पावलं कुठून आणली त्यांनी, असं मधे कधीतरी विशाखानं विचारलं. माय म्हणाली, कोण जाणे, मनानंच सांगितलं आसल. कुठून आणली हे आता कुणालाच कळणार नव्हतं. दवाखान्याच्या खाटेवर पडून, सलाईनचा हात बाजूला ठेवून, त्यांनी तिच्यासाठी एक समुद्र उभा केला होता, त्यात मासे वाळत घालणाऱ्या बायका ठेवल्या होत्या, आणि तिनं त्यातलं फक्त अंतर उतरवून घेतलं होतं.

दुपारी दीडच्या सुमारास महांतेशचा फोन आला. त्याचा आवाज अजून ताजा होता. पेपर संध्याकाळपर्यंत पाठवू का, विचारत होता. तिनं सांगितलं, एकतीस नंबर काढ. मछलीपट्टणमचं नाही ते. मग तो हळू म्हणाला, "मॅडम, त्यो काढला तर आपला पेपर साधाच होतोय." "होऊ दे." "कारन काय लिहू?" मग त्यानंच अडखळत मदत केली, "ते संकलकाची चूक म्हनून टाकू का? समदे टाकतेत, मॅडम. कुनी वाचत न्हाई ते." नको, ती म्हणाली, मी लिहून पाठवते. पोराचं मन मोडलं होतं, ते तिला कळत होतं, आणि त्याची समजूत काढायला तिच्याकडं त्या क्षणी काहीही नव्हतं. तिनं मोबाईलवर तक्ता उघडला, एकतीस नंबरच्या ओळीत मछलीपट्टणम पुसलं, चाळीस पुसलं, आणि शेवटच्या खणात येऊन बाबांचं नावही पुसून टाकलं. निदान चुकीच्या यादीत तरी ते नको.

"काय लिव्हायलीस?" मायनं विचारलं. "वाचून दाव."

तिनं वाचलं. नंबर एकतीस. ठिकाण, विष्णुपुरी, जिल्हा नांदेड, घरचं अंगण. मूळ वेल मालवणची. यादीतून वगळला.

"आन् त्याचं नाव?"

"काढलं मी, माय. चुकीत त्यांचं नाव कशाला?"

"चूक म्हन न्हाईतर काय बी म्हन," माय म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "पान त्यानं तोडलं. छातीला हात लावून तोडलं. तितं दुसऱ्या कुनाचं नाव घालनार हाईस? घाल त्याचं."

विशाखानं नाव परत घातलं. संकलक, पंढरी गजभारे. मग वगळण्याच्या कारणाचा खण राहिला. बोट बराच वेळ काचेवर तसंच राहिलं, काच दोनदा काळी झाली, दोनदा तिनं ती जागी केली. शेवटी तिनं लिहिलं: काम कशासाठी आहे, हे संशोधकानं संकलकाला सांगितलं नव्हतं. पाठवून दिलं. मायला वाचून दाखवलं.

मायनं मांडीवरची फोलपटं झटकली. मग म्हणाली, "आता मला तरी सांग की. कशापायी हुतं ते समदं?"

आणि तिथं, अंगणात, शेंगांच्या फोलपटांत बसून विशाखानं सांगितलं. घाईत नाही, मोठे शब्द घालून नाही. बी पाण्यावर कसं तरंगतं, दोन्हीकडचे समुद्र वेगळे कसे राहतात, पान कुठंही नेलं तरी त्याच्या आत त्याचं गाव कसं लिहिलेलं असतं. मालवणची वेल इथं ड्रमात वाढली, तरी ती मालवणचीच राहिली. म्हणून मछलीपट्टणमचं पान मछलीपट्टणमलाच जाऊन तोडायला लागतं, दुसरं चालत नाही. सगळं मिळून दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मायला समजलं. बाबांनाही समजलं असतं, त्यांना तर पाच मिनिटांत समजलं असतं. "एवढंच होतं, माय. एवढंच सांगायचं होतं त्यांना. सांगितलं असतं तर..."

"सांगितलं आसतं तर त्यो तसाच गेला आसता," माय म्हणाली. ती वेलीकडं बघत होती, लेकीकडं नाही. "दवाखान्यातनं उठून गेला आसता, आन् तितंच कुटंतरी वाळूत पडला आसता, कुनी वळखीचं नसताना. बरं झालं न्हाई सांगितलंस. मला सात हप्ते तरी गावले."

मायनं सूप पुढं ओढलं आणि उरलेल्या शेंगा निवडायला घेतल्या.